घट बसला आणि मी पडलो

मित्रांनो, जुना म्हटलं की पुष्कळांना राग येतो. मला येत नाही. मी एक जुना सर्व्हर आहे, देवासचा रहिवासी आहे आणि अजून कामावर आहे. या तीन गोष्टी एका दमात सांगता येणारे माझ्या पिढीत फारसे उरलेले नाहीत.

सर्व्हर म्हणजे काय, हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल. मी संगणकच आहे, पण मला पडदा नाही, कळफलक नाही आणि माझ्यासमोर खुर्ची टाकून कोणी बसत नाही. मी एका लोखंडी मांडणीत आडवा पडलेला असतो आणि दुसऱ्यांच्या मोबाइलांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत असतो. चालू असेपर्यंत माझी आठवण कोणाला येत नाही. बंद पडलो की मात्र जिल्हाभर माझं नाव होतं.

माझं जन्मगाव विचाराल तर पंचाईत आहे. डोकं एका देशात घडलं, पंखे दुसऱ्यात, पेटी तिसऱ्यात. कुठल्याशा कारखान्यात मला जोडलं, तपासलं, फोममध्ये गुंडाळलं आणि मी ट्रकने देवासला आलो. विश्वासरावांनी मला हळदकुंकू लावून आत घेतलं. त्यांची कामगारांच्या बसगाड्या चालवण्याची कंपनी. धारहून, तिरल्याहून, देवासहून पीथमपूरच्या कारखान्यांकडे पाळीच्या बसेस जातात ना, त्यांतल्या बऱ्याच त्यांच्या. घराणं जुनं, देवासच्या दोन गाद्यांपैकी थोरल्या पातीच्या दरबारातलं. दरबार गेला, पण हुकूम सोडण्याची सवय गेली नाही. आता हुकूम ड्रायव्हरांना सुटतात.

काम माझं साधं पण चोवीस तासांचं. प्रत्येक बसमध्ये एक चपटी पेटी असते. ती आकाशातल्या उपग्रहांकडून आपली जागा विचारून घेते आणि मला कळवते. मी हिशेब करतो, की बस किती वेगाने येते आहे आणि तिरल्याच्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला अजून किती वेळ थांबावं लागेल. ते त्याच्या मोबाइलवर उमटतं. मग तो चहा पूर्ण पितो किंवा अर्धा टाकून धावतो. पाळीचं फाटक एकदा बंद झालं की त्या दिवसाची हजेरी बुडते, म्हणून माझा शब्द लोकांना मोलाचा.

एका जागी पडून राहणाऱ्याला माणसं फार छान दिसतात. विश्वासराव रोज सकाळी पासवर्ड चुकवतात आणि कळफलकाला शिव्या देतात. पासवर्ड मी सांगणार नाही, इमानाचा प्रश्न आहे. पण कळफलकाचा दोष कधीच नसतो, एवढं नोंदवून ठेवतो. माणसाची ही जुनी रीत आहे. हात चुकला तरी शिक्षा यंत्राला. तिचा फटका मला पुढे चांगलाच बसायचा होता.

मला सांभाळायची विनोदिनी. माझ्यावर चालणारा मूळ प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. शिस्तीची, जिभेची तिखट, आणि दर महिन्याला माझी जाळी काढून धूळ झाडणारी. तिचा एक नियम होता. बाहेरून येणाऱ्या कुठल्याही आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. तिने माझ्या दाराशी एक राखणदारच बसवला होता. पेटीकडून आलेल्या माहितीतून वेग काढला की तो राखणदार विचारायचा, "हा खरोखर आकडा आहे का?" असेल तर आत, नसेल तर बाजूला बस.

आकडा असून आकडा नसणं, हे काय? मित्रांनो, तुमच्या सरांना विचारा, शून्याला शून्याने भागलं तर उत्तर काय? सर म्हणतील, उत्तर नाही. माणूस तिथे थांबतो. आम्हाला थांबता येत नाही, म्हणून आम्ही त्या जागी 'आकडा नाही' अशी खूण लिहितो. ती खूण बघायला राखणदार हवाच.

यंदा श्रावण उलटल्यावर कंपनीत अंबरीश आला. इंदूरला शिकलेला, चलाख, मनाने निर्मळ. शाळा हिंदी, घर मराठी, त्यामुळे बोलताना दोन्ही गाड्यांवर एकेक पाय. विश्वासरावांनी त्याला पहिल्याच आठवड्यात माझ्यासमोर उभा केला.

"अरे, नकाशा उघडायला फार वेळ लागतो. हा म्हातारा पळवता येईल का?"

"काकासाहेब, टेन्शन नका घेऊ. हवेत उडवतो."

"उडवू नको. पळव म्हटलंय मी."

आता हे पळवणं कसं असतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातच आहे. माणसं प्रोग्रॅम लिहितात त्यांना वाचता येईल अशा भाषेत. मला कळते ती यंत्राची बोली. मधला दुभाषा म्हणजे कंपायलर. हा दुभाषा हुशार असतो. त्याला सांगितलं तर तो भाषांतर करताना फापटपसारा काढतो, लांबचा रस्ता जवळचा करतो. याला ऑप्टिमायझेशन म्हणतात, आणि बेताने केलं तर ते चांगलंच. पण अंबरीशने त्याला सगळ्यात वरची मोकळीक दिली. त्याने सांगितलं, गणितं झटपट कर, आणि येणारा प्रत्येक आकडा धडधाकट असतो असं धरून चाल.

दुभाषा आज्ञाधारक. तो म्हणाला, सगळेच आकडे धडधाकट असतील तर दारावर हा राखणदार कशाला? फुकटचा वेळ खातो. आणि त्याने राखणदाराला भाषांतरातून साफ गाळून टाकलं. विनोदिनीच्या मूळ प्रोग्रॅममध्ये ती ओळ जशीच्या तशी होती. माझ्या पोटात मात्र ती पोहोचलीच नाही. कोणाला कळलं नाही. मलाही नाही. जे आलंच नाही ते गेलं हे कळणार कसं?

पळालो मात्र खरा! नकाशे पटापट उघडू लागले. विश्वासरावांनी कचोऱ्या मागवल्या, अंबरीशची पाठ थोपटली आणि माझ्या पेटीवरही थाप मारली. "म्हातारा जवान झाला!" विनोदिनी त्या दिवशी एवढंच म्हणाली, "कशाने पळाला ते बघितलंस का?"

"ताई, पळाला ना? बस्स."

पितृपक्ष सुरळीत गेला. घट बसले आणि मी पडलो.

पहाटेच्या पाळीच्या बसेस निघाल्या आणि मी काम करता करता एकदम कोसळलो. मला आपोआप पुन्हा उठवणारी सोय आहे. उठलो, आणि दोन श्वास घेतो न घेतो तोच पुन्हा आडवा. थांब्याथांब्यावर लोक मोबाइल हलवत उभे. कोणाची बस पुढून निघून गेली, कोणी नसलेल्या बसची वाट बघत राहिलं. फाटकावर हजेऱ्या बुडाल्या. दिवस वर आल्यावर मी आपोआप सावरलो आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. एका कारागिराने माझी मेमरी काढून खोडरबराने घासली. दुसऱ्याने वीज बघितली. विश्वासरावांनी लिंबूमिरची बांधली, तीही नेमकी माझ्या हवेच्या जाळीवर, म्हणजे जो श्वास चालला होता तोही कोंडला. विनोदिनीने ती न बोलता काढून दाराला बांधली.

"म्हातारा संपला," विश्वासराव म्हणाले. "दसऱ्याला नवीन आणायचाच होता, आताच आणू. आणि याला भंगारवाल्याला सांगून ठेवा. नवमीला पहाटेच घेऊन जा म्हणावं."

"काका, कारण तर सापडू दे," विनोदिनी म्हणाली.

"कारण काय शोधायचंय? माझे गुडघे का दुखतात, याचं कारण शोधतेस का तू? वय झालं."

"गुडघे रोज पहाटे दुखून दहा वाजता बरे होतात का?"

विश्वासरावांचा हुकूम मात्र फिरला नाही. अंबरीशनेही मान डोलावली. "ताई, प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर एकदम मक्खन चालतोय. म्हणजे हार्डवेअरच गेलं ना."

मित्रांनो, निर्दोष असून भंगारात जाणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मला बोलता येत नाही. पंख्याचा आवाज वाढवला तर म्हणतात, बघा, खरखरतोय, शेवट आला.

नवीन सर्व्हर आला. काळाकुळकुळीत, दिव्यांची आरास, अंगाला अजून खोक्याचा वास. माझ्याच शेजारी त्याला बसवलं. माझ्यावरचा सगळा संसार त्याच्यावर चढवला, अंबरीशचा पळणारा प्रोग्रॅमही, आणि माझी नेटची तार काढली. मी चालू होतो, पण रिकामा. विश्वासरावांनी पहाटे स्वतः येऊन त्याच्यापुढे उदबत्ती लावली.

बसेस निघाल्या. आणि तो कोसळला.

उठला, पडला. उठला, पडला. अगदी माझ्यासारखाच. दुसऱ्याच्या दुःखात सुख मानू नये, हे मला ठाऊक आहे. पण खरं सांगू? त्या पहाटे माझे पंखे फार गोड फिरत होते.

"हा पण म्हातारा का, काका?" विनोदिनीने विचारलं.

विश्वासरावांनी उदबत्ती उचलून घेतली. "नवीन मालच खराब निघाला," ते पुटपुटले.

"दोन यंत्रं एकाच वेळी, एकाच रोगाने आजारी पडत नाहीत. रोग त्यांच्यात नाही. आपण त्यांना जे खायला घालतोय त्यात आहे. अंबरीश, हा पडतो तेव्हाचा त्याचा जबाब कुठे आहे?"

जबाब म्हणजे काय, तर आम्ही कोसळताना आमच्या पोटात त्या क्षणी जे असेल ते सगळं एका जागी ओतून ठेवू शकतो. मरणाऱ्याची शेवटची साक्षच ती. अंबरीशने ती सोय बंद करून ठेवली होती.

"जागा खात होती, ताई."

"वेळ खातो म्हणून हे काढ, जागा खातो म्हणून ते काढ. उद्या पगार खातो म्हणून तुला काढू का?"

अंबरीशने कान धरले आणि सोय चालू केली. नव्या सर्व्हरला पुन्हा उठवलं, तो पुन्हा पडला, आणि या वेळी साक्ष ठेवून पडला. दोघं ती वाचायला बसले. वेगाच्या जागी लिहिलं होतं, 'आकडा नाही'. त्या नसलेल्या आकड्यावरून पुढचा हिशेब झाला होता, आणि त्या हिशेबाने सर्व्हरला मेमरीतल्या अशा घरात पाठवलं होतं जे त्याच्या पेठेतच नव्हतं. तिथे पाऊल टाकताच कोसळणं आलंच.

"पण ताई, चेक तर आहे!" अंबरीशने पडदा वळवला. "ही बघा ना, तुमचीच ओळ. आकडा नसेल तर बाजूला काढा."

"ही तू वाचतोस ती ओळ. तो वाचतो त्यात ती आहे का, ते बघ."

त्याने यंत्राच्या बोलीतलं भाषांतर उघडलं. वरून खाली गेला, खालून वर आला. पुन्हा एकदा गेला. मग खुर्चीत मागे टेकला.

"नाहीये. गायबच आहे."

"आणि तुझ्या लॅपटॉपवर?"

तो हळूच म्हणाला, "तिथे मी पळवायची मोकळीक दिलीच नव्हती. तिथे साधं भाषांतर चालतं." मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे मी तपासला एक आणि चालवला दुसराच! मेरी ही गलती है, ताई."

"आता कसं! चूक कळली की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं हे, की शून्य भागिले शून्य पाठवतंय कोण? आणि घट बसल्यापासूनच का?"

साक्षीत बसचं नाव होतं. धारची पहिली गाडी, ड्रायव्हर फत्तेसिंग. दुपारी विनोदिनी आणि अंबरीश धारला गेले. तिथलं मी डोळ्यांनी पाहिलं नाही. पण तिने काढलेले फोटो माझ्यात साठवले आहेत, आणि अंबरीश नंतर ती गोष्ट इतक्या वेळा सांगत होता की मला पाठ झाली.

फत्तेसिंगची बस धुऊनपुसून लख्ख. समोर काचेखाली त्या चपट्या पेटीवर स्टीलचं ताट. ताटात ओली काळी माती, मातीत गव्हाचे हिरवे कोंब, मधोमध कलश, कलशावर नारळ. गाडीत साक्षात घट बसलेला! वरून धातूचं ताट आणि ओली माती, आत बिचारी पेटी. तिला आकाश दिसेल कुठून? उपग्रह सापडत नाही म्हणून ती कळवायची, अंतर शून्य, वेळ शून्य. आणि तिचा वेग काढायला मी शून्याला शून्याने भागायचो. दिवस वर आला की फत्तेसिंग पीथमपूरच्या तळावर इंजिन बंद करायचा, पेटी झोपायची, आणि मी सावरायचो. परतीच्या फेरीची वेळ कोणी विचारत नाही, म्हणून तेव्हा पेट्या बंदच असतात.

"फत्तेसिंगभाऊ, इथेच का बसवला घट?" विनोदिनीने विचारलं.

"ताईसाहेब, पूर्ण गाडीत हीच एक जागा सपाट आहे. उंच पण आहे. कोणाचा पाय नाही लागत." तो ताटाच्या आडच उभा राहिला. "घरी आईसाहेब होत्या तोवर त्या घट राखायच्या. आता घरी कोणी नाही, आणि मी पहाटेपासून स्टेअरिंगवर. घट एकटा ठेवायचा नसतो. तर म्हटलं, देवीलाच ड्यूटीवर घेऊ."

"मागच्या वर्षी पण इथेच?" अंबरीशने विचारलं.

"हां भिया. तीन वर्षं झाली. कधी काही नाही झालं. आता नवमीच्या आधी हलवायला नका सांगू. गाडी म्हणाल तर दुसऱ्याला देतो, घट नाही हलणार."

अंबरीशने विनोदिनीला डोळ्यांनीच ताट दाखवलं. ताट दोन विती सरकवलं असतं तर दुसऱ्या पहाटे सगळं चालू झालं असतं. विनोदिनीने चप्पल काढली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "नाही हलवायचा. तीन वर्षं देवी इथे बसली आणि सर्व्हर उभा राहिला. आता पडतोय तो आमच्या कामाने. दुरुस्ती आमच्याकडे होईल."

परत येताना अंबरीश म्हणाला, "ताई, सरकवलं असतं तर काकासाहेब खूश झाले असते."

"आणि उद्या दुसऱ्या कोणी पेटीवर जेवणाचा डबा ठेवला तर? तू किती गाड्यांमधले डबे उचलत फिरशील? जग जसं आहे तसंच येणार आपल्या दारात. दार नीट हवं."

इकडे विश्वासरावांनी हट्ट धरला होता. नवीन यंत्र परत करता येत नाही, म्हणून राहील. जुना भंगारात जाईल. विनोदिनीने त्यांच्यापुढे एकच मागणी ठेवली. "दुरुस्त केलेला प्रोग्रॅम आधी जुन्यावर चालवते. घट जिथे आहे तिथेच राहील. नवमीच्या पहाटे हा पडला तर भंगारवाल्याबरोबर मी स्वतः याला उचलेन. नाही पडला तर हा जाणार नाही."

"पैज लावतेस माझ्याशी?"

"तुमच्या म्हाताऱ्याच्या वतीने लावतेय."

अंबरीशने स्वतःच्या हाताने ती सर्वात वरची मोकळीक काढली. दुभाष्याला सांगितलं, फापटपसारा काढ, पण आकडे धडधाकट आहेत असं गृहीत धरू नकोस. मग यंत्राच्या बोलीत राखणदार बसला आहे की नाही ते डोळ्यांनी तपासलं, आणि विनोदिनीलाही दाखवलं. आपल्या लॅपटॉपवरही तेच भाषांतर चालवलं, जे माझ्यावर चालणार होतं. माझी तार पुन्हा जोडली. अहाहा! दुरावलेली माणसं भेटावीत तसे मोबाइलांचे प्रश्न आत शिरू लागले.

खंडेनवमीची पहाट. तिघंही माझ्यासमोर उभे. दाराबाहेर भंगारवाल्याची हातगाडी लागलेली, कारण विश्वासरावांचा निरोप कोणी रद्द केला नव्हता. धारला फत्तेसिंगने गाडी सुरू केली. अंतर शून्य. वेळ शून्य. मी भागाकार केला. आकडा नाही.

"थांब," राखणदार म्हणाला. "बाजूला बस."

आणि मी पुढच्या बसचा हिशेब करू लागलो!

पुन्हा शून्य, पुन्हा शून्य, पुन्हा 'बाजूला बस'. फत्तेसिंगच्या गाडीपुढे मी प्रामाणिकपणे लिहिलं, जागा कळत नाही, ठरल्या वेळी पोहोचेल. धारचे लोक तसे थांब्यावर आले. बाकीच्या सगळ्या बसेस नकाशावर मुंग्यांसारख्या सरळ चालल्या. पीथमपूरच्या फाटकात एकेक गाडी शिरत गेली. मी उभा होतो. उन्हं वर आली तरी मी उभाच होतो.

"थोडा हळू वाटतो," विश्वासराव नकाशा उघडून म्हणाले.

"तुमचा डोळा मिटून उघडायच्या आत उघडला तो," विनोदिनी म्हणाली.

"मग डोळा हळू मिटत असेन." ते मोठ्याने हसले आणि बाहेर जाऊन भंगारवाल्याला म्हणाले, "भिया, चहा पिऊन जा. आज काही नाही."

मित्रांनो, खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रं आणि अवजारं पुजतात. विश्वासरावांनी घराण्याच्या तलवारीआधी मला कुंकू लावलं. झेंडूची माळ घालायला निघाले, ती विनोदिनीने जाळीवरून बाजूला घेतली. नव्या सर्व्हरला माझा मदतनीस नेमला. तो पोरगा चांगला आहे. फक्त दिवे फार लावतो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला अंबरीश आला, आपट्याचं पान माझ्यावर ठेवलं, मला चक्क वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा." घरात मोठ्यांना देतात तसं. एवढा मान माझ्या कुळात कोणाला मिळाला असेल, असं मला वाटत नाही.

तर एवढंच मागणं आहे. तुमच्या वर्गात, खेळात, घरात कोणीतरी एक असतो जो मध्येच "थांबा, आधी बघू द्या" म्हणतो. तो कंटाळवाणा वाटतो, त्याच्यामुळे उशीर होतो, आणि त्याला वगळलं की सगळं कसं भराभर चालतं. चालू द्या भराभर, पण त्याला वगळून नको. आणि एखादं यंत्र कोसळलं तर त्याला लाथ मारण्याआधी विचारा, की आपण त्याला काय खाऊ घातलं होतं. त्याची धूळ झाडा, त्याचा श्वास मोकळा ठेवा. म्हातारं यंत्र मेहेरबानी मागत नाही; त्याची बाजू एकदा ऐकून घ्या, मग बघा ते पाळीमागून पाळी कसं उभं राहतं!